कृष्णवर्णीयांच्या छोट्या व्यवसायांना आधार द्यायचा, तर तो कोणत्या क्रमाने? अमेरिकेतील मराठी कुटुंबे आणि मंडळांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतील मराठी घरांत आणि मंडळांत ही गोष्ट बहुधा उलट्या क्रमाने होते. फेब्रुवारीतला ब्लॅक हिस्टरी मंथ किंवा १९ जूनचा जूनटीन्थ (गुलामगिरी संपल्याचा स्मरणदिन) जवळ आला, की कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर कृष्णवर्णीयांच्या दुकानांची यादी टाकते. उत्साहाच्या भरात, एकदाही चव न घेतलेल्या ठिकाणी दीडशे माणसांच्या जेवणाची मागणी नोंदवली जाते. मग भाव कमी करून मागितला जातो, माणसांचा आकडा आदल्या रात्री बदलतो, छायाचित्रे समाजमाध्यमांवर झळकतात, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्या दुकानाकडे कोणी फिरकत नाही. हेतू चांगला असला तरी दुकानदाराच्या पदरी एक धावपळीचा, कमी नफ्याचा आठवडा पडतो आणि गिऱ्हाईक मात्र एकही जोडले जात नाही.

योग्य क्रम असा आहे: आधी स्वतःचा खर्च पाहणे, मग शोध, मग खातरजमा, मग लहान खरेदी, मग नियमितपणा, त्यानंतर मंडळाची मोठी मागणी, आणि प्रसिद्धी व कर्ज-ठेवी अगदी शेवटी. या लेखातील उदाहरणे शिकागोची आहेत, कारण नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या उपनगरांत मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि शहराच्या दक्षिण भागात, म्हणजे साउथ साइडला, कृष्णवर्णीयांचे व्यवसाय एकाच रस्त्यावर ओळीने सापडतात. अटलांटा, ड्युरम, न्यूअर्क किंवा ह्यूस्टनजवळ राहणाऱ्यांनी ठिकाणांची नावे बदलून घ्यावीत. टप्पे बदलत नाहीत.

एक वस्तुस्थिती सर्व टप्प्यांत ध्यानात ठेवावी. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या व्यवसायांपैकी बहुसंख्य व्यवसायांत मालकाखेरीज पगारी माणूस नसतो. फोन उचलणारा, माल आणणारा, केक सजवणारा आणि हिशेब लिहिणारा बहुधा एकच असतो. उत्तराला लागणारा उशीर, आगाऊ रकमेचा आग्रह आणि बदलत्या वेळा यांचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

## टप्पा १: आपला खर्च कागदावर मांडणे

मागील तीन महिन्यांची कार्डाची विवरणे काढावीत आणि जे खर्च पुन्हा पुन्हा होतात तेवढ्यांवर खूण करावी. वाढदिवसाचे केक, भेटवस्तू, मुलांची पुस्तके, साबण-मेणबत्त्या, कॉफी, केस कापणे, घराची साफसफाई, बर्फ काढणे, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणारा लेखापाल, बारशाचा किंवा मुंजीचा छायाचित्रकार, स्मरणिकेची छपाई अशी यादी सहज तयार होते. तांदूळ, डाळी आणि गोडा मसाला भारतीय किराणा दुकानातूनच येणार, तेव्हा त्या ओळी सोडून द्याव्यात.

उरलेल्या ओळींतून दोन किंवा तीनच निवडाव्यात. या टप्प्यावर होणारी मोठी चूक म्हणजे नवा खर्च निर्माण करणे. न लागणारी मेणबत्ती केवळ आधार म्हणून विकत घेणारा माणूस दुसऱ्यांदा मेणबत्ती घेत नाही. आधीच होत असलेल्या खर्चाची दिशा बदलली, तरच तो वर्षानुवर्षे टिकतो. महिन्याला ४० डॉलर म्हणजे वर्षाला ४८० डॉलर. एका दुकानाला हे ४८० डॉलर बारा महिन्यांत विभागून मिळणे हे एकाच शनिवारी ५०० डॉलर मिळण्यापेक्षा बहुधा अधिक उपयोगाचे असते, कारण भाडे आणि विजेचे बिल दरमहा येते.

तपासणी: निवडलेल्या प्रत्येक ओळीपुढे "हा खर्च वर्षातून किती वेळा होतो?" याचे उत्तर लिहावे. उत्तर "एकदा" असेल, तर ती ओळ सध्या बाजूला ठेवावी.

## टप्पा २: शोध घेणे

शोधाची साधने अनेक आहेत आणि प्रत्येकाला मर्यादा आहे. यू. एस. ब्लॅक चेंबर्स या संस्थेची 'बायब्लॅक' ही देशव्यापी निर्देशिका आहे. खाण्याच्या ठिकाणांसाठी 'ईटओक्रा' हे अ‍ॅप उपयोगी पडते. गूगल आणि येल्प यांनी २०२० मध्ये व्यवसायांना स्वतःहून कृष्णवर्णीयांच्या मालकीची खूण लावण्याची सोय दिली. ही खूण स्वयंघोषित असते, हे विसरू नये. शिकागो शहर अल्पसंख्याकांच्या मालकीच्या प्रमाणित व्यवसायांची यादी ठेवते, परंतु ती सरकारी कंत्राटांसाठी असल्यामुळे तिच्यात बांधकाम, वीजजोडणी, वाहतूक आणि सल्लासेवा अधिक आढळतात; केकचे दुकान तिथे शोधणे व्यर्थ आहे. उलट मंडळाला छपाई, ध्वनियंत्रणा किंवा सभागृहाची साफसफाई हवी असेल, तर आधी तीच यादी उघडावी.

याहून सोपा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष जाणे. चॅटम भागातील ईस्ट ७५ वा रस्ता एका दुपारी पायी पाहून होतो: कॅरॅमल केकसाठी प्रसिद्ध असलेली ब्राउन शुगर बेकरी आणि लेम्स बार-बी-क्यू याच रस्त्यावर आहेत. ब्राँझव्हिलमध्ये ग्रीन लाइन या रेल्वेमार्गाच्या ५१ व्या रस्त्यावरील स्थानकालगत मालवाहू कंटेनरांत थाटलेला 'बॉक्सव्हिल' बाजार आहे. तिथे अगदी नव्या विक्रेत्यांशी गाठ पडते. 'शिकागो डिफेंडर' हे १९०५ पासूनचे वृत्तपत्र २०१९ पासून छापील निघत नाही, पण त्याच्या संकेतस्थळावर स्थानिक व्यवसायांच्या बातम्या येतात.

सापडलेली नावे एका तक्त्यात उतरवावीत: काय मिळते, मागणी कशी नोंदवायची (फोन, स्वतःचे संकेतस्थळ की इन्स्टाग्राम), किती दिवस आधी सांगावे लागते आणि कोणत्या दिवशी बंद असते. वेळा गूगलवरून उतरवू नयेत. फोन करून विचाराव्यात.

"कृष्णवर्णीयांचा व्यवसाय" या शब्दांत पिढ्यान् पिढ्या अमेरिकेत असलेली कुटुंबे येतात, तसेच इथिओपिया, नायजेरिया, जमैका, हैती येथून अलीकडे आलेली कुटुंबेही येतात. यादीत दोन्ही ठेवावीत; फक्त त्यांना एकमेकांचे पर्याय समजू नये. इथिओपियन उपाहारगृहात जाऊन साउथ साइडच्या 'पाय' (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाविषयी आणि बार्बेक्यूविषयी विचारणे म्हणजे पुण्याच्या खानावळीत बसून लिट्टी-चोखा मागण्यासारखे आहे.

## टप्पा ३: मालकीची खातरजमा

इथे चार गैरसमज नेहमी आढळतात.

पहिला गैरसमज, वस्ती कृष्णवर्णीयांची म्हणजे दुकानही त्यांचेच. प्रत्यक्षात अशा अनेक वस्त्यांतील पेट्रोल पंप, मद्याची दुकाने आणि केसांच्या प्रसाधनांची दुकाने इतर समाजांच्या मालकीची असतात. काहींचे मालक तर आपल्याच उपखंडातून आलेले असतात.

दुसरा, संस्थापक आणि मालक एकच असतो. 'शिया मॉइश्चर' ही प्रसाधने कृष्णवर्णीय कुटुंबाने उभ्या केलेल्या कंपनीची, पण ती कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरने विकत घेतली. मोठ्या साखळी दुकानातील फळीवरून असे उत्पादन उचलणे गैर नाही. मात्र त्यातून शेजारच्या छोट्या व्यवसायाला काही मिळते असे मानू नये.

तिसरा गैरसमज कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आणि खरेदीचे अधिकार असणाऱ्या वाचकांना विशेष लागू आहे. अल्पसंख्याक पुरवठादारांसाठीच्या एनएमएसडीसी या राष्ट्रीय परिषदेचे 'एमबीई' (अल्पसंख्याकांच्या मालकीचा उद्योग) प्रमाणपत्र म्हणजे कृष्णवर्णीय मालकीचा पुरावा, असे अनेकांना वाटते. ते प्रमाणपत्र किमान ५१ टक्के मालकी अल्पसंख्याक गटांतील अमेरिकी नागरिकांकडे असल्याचे सांगते, आणि त्या गटांत भारतीय वंशाचे नागरिकही येतात. न्यू जर्सीतील एडिसनमधल्या एखाद्या मराठी गृहस्थाची संगणक सल्ला कंपनीसुद्धा 'एमबीई' असू शकते. म्हणून प्रमाणपत्रावर न थांबता मालकीचा तपशील वाचावा.

चौथा, फ्रँचायझीच्या सर्व शाखा एकाच प्रकारच्या मालकीच्या असतात. तसे नसते, प्रत्येक शाखेचा मालक वेगळा असू शकतो.

खातरजमा करण्याची रीत साधी आहे. संकेतस्थळावरील मालकाविषयीचे पान वाचावे, निर्देशिकेशी ताडून पाहावे आणि बोलण्याच्या ओघात "हे दुकान आपण किती वर्षे चालवत आहात?" एवढेच विचारावे. गल्ल्यावर उभे राहून मालकाच्या वंशाची चौकशी करणे असभ्य आहे. तपासाची खोली रकमेनुसार ठरवावी. केकच्या एका तुकड्यासाठी कागदपत्रे पाहण्याची गरज नाही. परंतु काही हजार डॉलरच्या कामासाठी इलिनॉय राज्यातील कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी चालू स्थितीत आहे का, आणि खाद्यव्यवसाय असल्यास आरोग्य विभागाचा परवाना आहे का, हे पाहावेच. घरच्या स्वयंपाकघरातून विकणाऱ्यांनाही इलिनॉयमध्ये स्थानिक आरोग्य विभागाकडे नोंदणी करावी लागते. या दोन तपासण्या मालक कोणत्याही समाजाचा असला तरी कराव्यात.

## टप्पा ४: पहिली खरेदी

पहिली खरेदी लहान असावी, स्वतः जाऊन करावी आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी करावी, कारण शनिवारी दुपारी कोणत्याही दुकानात बोलायला सवड नसते.

थेट मागणी नोंदवावी. घरपोच सेवा देणारी अ‍ॅपे उपाहारगृहाकडून मागणीच्या साधारण १५ ते ३० टक्के रक्कम घेतात. घरून अ‍ॅपवर मागवून आधार दिल्याचे समाधान मानणे हा या विषयातील सर्वाधिक आढळणारा विरोधाभास आहे. दुकानाला फोन करावा किंवा त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मागणी द्यावी आणि जाऊन घेऊन यावे.

भाव करू नये. लिहिलेली किंमत हीच किंमत असते. "आम्ही मुद्दाम इतक्या लांबून आलो" हे सवलतीचे कारण होत नाही. उपाहारगृहात बसून जेवल्यास १८ ते २० टक्के टिप द्यावी. केस कापणाऱ्यालाही टिप द्यायची असते.

शाकाहाराविषयी नेमके विचारावे. आपल्याकडच्या अनेक भेटी इथेच फसतात. "व्हेजिटेरियन आहे का?" या प्रश्नाला कधी कधी "हो, ती भाजीच आहे" असे प्रामाणिक, पण आपल्या उपयोगाचे नसलेले उत्तर मिळते. कोलार्ड ग्रीन्स ही पालेभाजी परंपरेने धूर दिलेल्या डुकराच्या किंवा टर्कीच्या मांसासोबत शिजवतात. चवळी आणि इतर कडधान्यांतही तेच असू शकते. मक्याच्या पावात क्वचित प्राण्यांची चरबी असते. रताळ्याच्या पदार्थावर मार्शमेलो असेल, तर त्यात जिलेटिन असते. म्हणून "शिजवताना मांस, हाडे, मांसाचा रस्सा किंवा चरबी वापरली आहे का?" असे विचारावे. मॅकरोनी अँड चीज, रताळ्याचा पाय आणि केक येथे अडचण कमी येते, मात्र अंडे न खाणाऱ्यांनी पाय आणि केकची चौकशी करावी. शंकाच नको असेल, तर ७५ व्या रस्त्यावरील 'सोल वेज सिटी'सारखी पूर्ण व्हीगन जागा, जमैकातील रास्ताफारी पंथाचे 'आयटल' जेवण किंवा इथिओपियन उपवासाचे ताट निवडावे. इंजेरा या इथिओपियन आंबट भाकरीबरोबर येणारे मसुराचे तिखट कालवण आमटीवर वाढलेल्या माणसाला परके वाटत नाही.

वागण्यातील पथ्ये. परवानगीवाचून मालकाचे किंवा इतर गिऱ्हाइकांचे छायाचित्र घेऊ नये. मालकाला त्याच्या समाजाच्या दुःखाविषयी बोलते करण्याचा प्रयत्न करू नये. तो केक विकायला उभा आहे. दुकानात आपसांत मराठीतून शेरेबाजी करणेही टाळावे, कारण भाषा न कळणाऱ्यालाही सूर कळतो.

सावधान: वस्तू मनासारखी नसेल, तर आधी दुकानदाराला सांगावे आणि सुधारण्याची संधी द्यावी. पहिल्याच भेटीनंतर थेट एक तारा देणारा अभिप्राय लहान व्यवसायाला फार महागात पडतो. पण दोषाकडे काणाडोळा करून "असू दे" म्हणणे आणि पुन्हा कधीच न जाणे हाही उपाय नव्हे.

## टप्पा ५: नियमितपणा

या टप्प्यावर सांगण्यासारखे थोडे आहे आणि बहुतेकजण इथेच थांबतात. निवडलेल्या दुकानाची पुढची भेट फोनच्या दिनदर्शिकेत नोंदवावी. थँक्सगिव्हिंगचा आठवडा, मदर्स डे आणि मे-जूनमधील पदवीदान समारंभ या काळात बेकऱ्यांना उसंत नसते. जानेवारीसारख्या मंद महिन्यात आलेले गिऱ्हाईक अधिक मोलाचे ठरते. भेटपत्र, म्हणजे गिफ्ट कार्ड, घेणे चांगले, परंतु दुकानाच्या दृष्टीने ती पुढे फेडायची उधारी असते. मंडळाने बक्षीस म्हणून तीस भेटपत्रे वाटली असतील, तर ती सगळी एकाच शनिवारी वटवली जाणार नाहीत असे पाहावे.

तपासणी: एकाच ठिकाणी तीन वेळा खरेदी झाल्याखेरीज टप्पा ६ कडे वळू नये.

## टप्पा ६: मंडळाची मोठी मागणी

गणेशोत्सव, संक्रांत, दिवाळी किंवा नाटकाचा प्रयोग यांसाठी मंडळे मोठा खर्च करतात, आणि तो जेवणापुरता नसतो: छपाई, टी-शर्ट, ध्वनी-प्रकाश, छायाचित्रण, साफसफाई, सुरक्षा ही सगळी कामे याच वाटेने देता येतात. पुढील क्रम जेवणाच्या उदाहरणाने दिला आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

१. सहा ते आठ आठवडे आधी संपर्क साधावा. पहिल्याच संदेशात तारीख, ठिकाण, माणसांचा अंदाज (किमान आणि कमाल), शाकाहारी किती, वाढण्याची वेळ आणि सामान आत नेण्याची वेळ हे सर्व लिहावे. त्यानंतर आपल्या अपेक्षेपूर्वी त्यांची कुवत विचारावी: "आपण एका वेळी जास्तीत जास्त किती माणसांचे सांभाळता?" उत्तर ८० असेल आणि आपल्याला २५० हवे असतील, तर गोड पदार्थ किंवा एखादाच पदार्थ त्यांच्याकडे द्यावा. कुवतीबाहेरचे काम गळ्यात घालणे हा आधार नव्हे.

२. सभागृहाच्या अटी सर्वप्रथम कळवाव्यात. शाळांची आणि नगरपालिकांची सभागृहे बहुधा केटररकडून दायित्व (लायबिलिटी) विम्याचे प्रमाणपत्र मागतात, अनेकदा १० लाख डॉलर मर्यादेचे आणि सभागृहाचे नाव त्यात जोडलेले. हे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मिळवायला वेळ लागतो. शिवाय परवाने स्थानिक असतात: शिकागो शहराचा परवाना असलेला खाद्य-ट्रक ड्यूपेज काउंटीतील कार्यक्रमात आपोआप चालत नाही, तिथल्या आरोग्य विभागाची तात्पुरती परवानगी लागू शकते. ही चौकशी मंडळाने करावी आणि शुल्क कोण भरणार हे आधीच ठरवावे.

३. लेखी दरपत्रक घ्यावे. रक्कम अंदाजपत्रकाबाहेर गेली, तर दर पाडून मागू नये. पदार्थ कमी करावेत, वाढपी स्वतःचे ठेवावेत किंवा ताटे-चमचे स्वतः आणावेत. मंडळाकडे इलिनॉयचा विक्रीकर-माफीचा 'ई' क्रमांक असल्यास तो देयक तयार होण्यापूर्वी द्यावा. ही माफी राज्याची आहे, दुकानदाराची सवलत नाही. त्यामुळे ती मागण्यात संकोच नको.

४. करपत्रे आणि आगाऊ रक्कम. 'डब्ल्यू-९' हे व्यावसायिकाचे नाव आणि करक्रमांक सांगणारे पत्रक पैसे देण्यापूर्वी घ्यावे, वर्षअखेरीस मागे लागून नव्हे. मंडळ ना-नफा असले तरी, कॉर्पोरेशन म्हणून नोंद नसलेल्या व्यावसायिकाला सेवेपोटी धनादेशाने किंवा रोख दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेला पोहोचल्यास '१०९९-एनईसी' हे दिलेल्या रकमेचे करपत्र द्यावे लागते. ही मर्यादा २०२५ पर्यंतच्या देयकांसाठी ६०० डॉलर होती आणि २०२६ पासून २,००० डॉलर आहे. कार्डाने दिलेली रक्कम यात धरली जात नाही. साधारण निम्मी रक्कम आगाऊ मागितली गेली, तर ती मुकाट्याने द्यावी: तिच्यातूनच माल विकत घ्यायचा असतो.

५. अंतिम आकडा सात ते दहा दिवस आधी द्यावा आणि त्यावर ठाम राहावे. आपल्याकडे "बघू, जमलं तर येतो" हे होकारात धरावे की नकारात, हे मंडळाच्या सचिवालाही सांगता येत नाही. म्हणून तिकीट किंवा आगाऊ शुल्क घेऊनच आकडा काढावा. आदल्या रात्री तीस माणसे कमी झाली, तरी त्या तिसांचे पैसे मंडळाने द्यायचे असतात. शाकाहारी आकडा वेगळा कळवावा आणि तो थोडा वाढवून सांगावा, कारण मांसाहारी मंडळीही शाकाहारी पदार्थ ताटात घेतात.

६. कार्यक्रमाच्या दिवशी एकच संपर्क-व्यक्ती असावी. समितीतील पाच जणांनी पाच सूचना देऊ नयेत. नाटक पाऊण तास उशिरा सुरू होणार हे आपल्याला सवयीने ठाऊक असते, पण केटररला नसते. गरम अन्न किमान १३५ अंश फॅरनहाइटवर ठेवावे लागते, त्यामुळे उशीर म्हणजे जास्तीचे इंधन, वाळलेले अन्न आणि शेवटी त्यांच्याच नावाने बोटे मोडणे. वेळापत्रकातील खरी वेळ सांगावी, पत्रिकेतील नव्हे.

७. उरलेली रक्कम त्याच दिवशी द्यावी. खजिनदाराने धनादेश लिहून खिशात ठेवूनच सभागृहात यावे. दुसरी सही करणारे गृहस्थ भारतात गेले आहेत, हे कारण तीन आठवडे ऐकण्याची ऐपत छोट्या व्यवसायाला नसते. कंपन्यांत वस्तू मागवणाऱ्यांनीही तीस किंवा साठ दिवसांची देयक-मुदत लहान पुरवठादारासाठी कमी करून घेता येते का, हे आपल्या लेखा विभागाला विचारावे. वर्षभराच्या सगळ्या सद्भावनेपेक्षा ही एक विनंती कधी कधी जास्त काम करते.

सावधान, स्टॉलविषयी: "आम्ही स्टॉल मोफत देतो, तुमची प्रसिद्धी होईल" हा प्रस्ताव वरवर उदार दिसतो. पण तिकिटातच जेवण असलेल्या कार्यक्रमात पोट भरलेली माणसे स्टॉलवर काय घेणार? खाद्यपदार्थांचा स्टॉल जेवण नसलेल्या कार्यक्रमातच बोलवावा. अन्यथा पुस्तके, दागिने, साबण, खेळणी विकणाऱ्यांना बोलवावे आणि मागील वर्षी किती माणसे आली होती हा आकडा त्यांना खरा सांगावा.

सावधान, कायद्याविषयी: व्यक्ती म्हणून आपण कोठे खरेदी करावी, हा आपला प्रश्न आहे. संस्था किंवा कंपनी म्हणून "हे कंत्राट केवळ कृष्णवर्णीयांनाच" असे जाहीर करणे ही वेगळी बाब आहे. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेले कलम १९८१ करार करताना वंशावरून भेद करण्यास मनाई करते. याच कलमाखाली अटलांटातील फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेवर २०२३ मध्ये दावा झाला. कृष्णवर्णीय महिलांच्या व्यवसायांपुरती मर्यादित असलेली तिची २०,००० डॉलरची अनुदान-स्पर्धा ११ व्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये रोखली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंद झाली. म्हणून मंडळाने दार बंद करण्याऐवजी निमंत्रण लांबवर पोहोचवावे: दरपत्रके मागवताना टप्पा २ मधील यादीतील व्यावसायिकांनाही वेळेत कळवावे आणि निवड किंमत, दर्जा व कुवत पाहून करावी. आजवर त्यांना निमंत्रणच जात नव्हते, ही अडचण एवढ्यानेही बरीच दूर होते.

## टप्पा ७: अभिप्राय आणि शिफारस

अभिप्रायात काय घेतले, किती दिवस आधी सांगावे लागले, गाडी कोठे लावता आली, शाकाहारी काय मिळाले, हे लिहावे. "या समाजाला आधार द्या" असे आवाहन लिहिल्याने पुढच्या वाचकाला काहीच कळत नाही. मंडळातील वीस जणांनी एकाच संध्याकाळी नवी खाती उघडून येल्पवर स्तुती लिहिली, तर तिथली यंत्रणा असे अभिप्राय बाजूला सारते. ज्यांची खाती जुनी आणि वापरातील आहेत, त्यांनीच आपापल्या भेटीनंतर लिहावे. गटावर शिफारस करताना पूर्ण यादी टाकू नये. एक नाव, एक पदार्थ आणि फोन क्रमांक एवढे पुरते.

## टप्पा ८: ठेवी, कर्ज आणि श्रम

खरेदीची घडी बसल्यावर पुढील तीन गोष्टींचा विचार करता येतो.

कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या बँका आजही आहेत: बोस्टनमध्ये मुख्यालय असलेली वनयुनायटेड, अटलांटातील सिटिझन्स ट्रस्ट, ड्युरममधील मेकॅनिक्स अँड फार्मर्स. मंडळाच्या राखीव निधीतील एक मुदत ठेव तिथे ठेवणे हा धोका नव्हे, कारण एफडीआयसी या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचा विमा कोणत्याही सदस्य बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, खात्याच्या प्रत्येक मालकी-प्रकारासाठी २,५०,००० डॉलरपर्यंत सारखाच लागू असतो. बँक सदस्य आहे का, हे एफडीआयसीच्या संकेतस्थळावर पाहावे. जवळ शाखा नसेल, तर रोजच्या व्यवहाराचे खाते हलवण्याची घाई करू नये. व्याजदर आणि शुल्क मात्र आधी विचारून घ्यावे.

कर्जासाठी 'किवा' या व्यासपीठावर अमेरिकेतील छोट्या व्यावसायिकांना १५,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळते आणि देणाऱ्याला २५ डॉलरपासून सहभागी होता येते. अर्जदाराला सुरुवातीला आपल्या ओळखीच्या काही माणसांकडून पैसे उभे करून दाखवावे लागतात, त्यामुळे नियमित गिऱ्हाइकाचे २५ डॉलर त्या पहिल्या दिवसांत फार उपयोगी पडतात. हे दान नाही, म्हणून करसवलत नाही. आणि ते कर्ज असल्यामुळे बुडण्याची शक्यताही आहे.

श्रमांविषयी मात्र थांबून विचार करावा. "मी तुमचे संकेतस्थळ फुकट करून देतो" असे संगणक क्षेत्रातील माणसाच्या तोंडून सहज निघते. एच-१बी व्हिसावर असलेल्या, किंवा कामाचा परवाना नसलेल्या एच-४ व्हिसावरील व्यक्तीने नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायात एरवी पैसे देऊन करून घेतले जाणारे काम विनामोबदला केले, तरी ते अनधिकृत रोजगार ठरू शकते, आणि त्याचा त्रास व्यावसायिकालाही होतो. अशा वाचकांनी गिऱ्हाईकच राहावे. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे, त्यांनीही फुकट काम लादण्यापूर्वी गरज विचारावी. अनेकदा मालकाला नवे संकेतस्थळ नको असते, गूगलवरील चुकीची वेळ दुरुस्त करून हवी असते.

## वर्षातून एकदा

डिसेंबरच्या शेवटी टप्पा २ मधील तक्ता पुन्हा उघडावा. बंद झालेली दुकाने काढावीत, बदललेले क्रमांक आणि वेळा दुरुस्त कराव्यात, मालकी बदलली असल्यास तशी नोंद करावी. ज्या ठिकाणचा दर्जा दोनदा सांगूनही सुधारला नाही, ते नाव निःसंकोच वगळावे आणि त्याच खर्चासाठी यादीतील पुढचे नाव घ्यावे. मंडळाची कार्यकारिणी बदलताना हा तक्ता, जुनी दरपत्रके आणि विम्याच्या प्रमाणपत्रांच्या प्रती नव्या सचिवाच्या हाती द्याव्यात, म्हणजे नव्या समितीला टप्पा १ पासून सुरुवात करावी लागणार नाही.